प्राण्याला हवं तेच कॅमेऱ्याला हवं

ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारातून सकाळच्या फेरीच्या जिप्सी बाहेर पडू लागल्या, की समोरच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : साइटिंग झालं का? चितळांचा मोठा कळप दिसला, रानगवा दिसला, अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन रस्ता ओलांडून गेली, तरी वाघ दिसला नसेल तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. राष्ट्रीय उद्यानातला अख्खा दिवस या एका प्रश्नाभोवती आखला जातो आणि हाती कॅमेरा असेल तर त्या प्रश्नाची घाई आणखी वाढते. वन्यजीव छायाचित्रणाबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात दोन बाजू ठळक दिसतात. एक बाजू म्हणते, कॅमेरेवाल्यांनी जंगलाचा बाजार करून टाकला. दुसरी म्हणते, जवळ गेल्याशिवाय चांगला फोटो मिळत नाही आणि नियमांनी आमचे हात बांधले आहेत. या दोन बाजू एकमेकींशी कितीही भांडल्या, तरी एक गोष्ट दोघींनाही मान्य असते : प्राण्याचं भलं आणि फोटोचं भलं एकाच वेळी साधत नाही. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. प्राण्याला माणसाकडून तीन गोष्टी हव्या असतात : पुरेसं अंतर, शांतता आणि थांबण्याची तयारी. उत्तम छायाचित्रालाही याच तीन गोष्टी लागतात. ताडोबातल्या एका दिवसाचे तास समोर ठेवून हे विधान तपासून पाहता येतं.

आधी ते जंगल कसं आहे हे पाहायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याचं क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. आज त्याचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि भोवतीचं बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर. हे पानझडीचं जंगल. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह ही झाडं आणि त्यांच्या खाली जागोजागी दाट बांबू. हिवाळ्याच्या सुरुवातीला बांबूच्या बेटात दहा-पंधरा पावलांपलीकडचं काही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पानं झडली की नजर आत पोहोचते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्ये आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो आणि त्या भागातही वाहन ठरलेले रस्ते सोडून जाऊ शकत नाही. २०२२ च्या गणनेनुसार या व्याघ्र प्रकल्पात ९७ वाघ आहेत. त्यांतले बहुतेक कोणत्याही एका सकाळी पर्यटकांच्या रस्त्यांपासून दूर, झुडपात किंवा नाल्याच्या सावलीत पडून असतात. अशा ठिकाणी गाडी जास्त पळवल्याने वाघ दिसण्याची शक्यता वाढेल, हा हिशेब मुळातच कच्चा आहे. रस्त्यावरून पळणाऱ्याला रस्ताच अधिक दिसतो.

सकाळची फेरी उन्हाळ्यात उजाडता उजाडता सुरू होते. या वेळेला प्राण्यांच्या दृष्टीने अर्थ आहे. पहाट आणि संध्याकाळ हा वाघ-बिबट्यांच्या वावराचा काळ. रात्रभर फिरून आलेला वाघ ऊन तापण्याआधी विसाव्याची जागा गाठत असतो. चितळ उघड्यावर चरत असतात, मोर पिसारा फुलवतात, रानकोंबड्या रस्त्याच्या कडेला पालापाचोळा उकरतात. छायाचित्रकाराच्या दृष्टीनेही हाच काळ मोलाचा, कारण सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, त्यामुळे प्रकाश मऊ आणि सोनेरी होतो आणि सावल्या लांब पण सौम्य पडतात. अडचण एवढीच, की हा प्रकाश कमी असतो. चालणारा प्राणी स्पष्ट टिपायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी वेगवान हवं, धावणाऱ्या प्राण्यासाठी हजाराव्या भागाहून कमी वेळ हवा. झाडाखालच्या उजेडात ते जमवायचं म्हणजे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे येतात. यातून वाट काढण्याचा सगळ्यांत सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणं. जिप्सीच्या दांड्यावर वाळूची किंवा धान्याची पिशवी ठेवून लेन्स तिच्यावर टेकवली, इंजिन बंद केलं आणि गाडीतल्या सगळ्यांनी हालचाल थांबवली, तर कमी शटरवेगातही बसलेल्या चितळाची पापणी स्पष्ट येते. इंजिन चालू असेल तर त्याची थरथर लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये कित्येक पटींनी वाढून दिसते. प्राण्याला इंजिन बंद हवं असतं ते आवाजामुळे आणि धुरामुळे, कॅमेऱ्याला ते बंद हवं असतं थरथरीमुळे. कारणं वेगळी, पण मागणी एकच.

शोधण्याच्या बाबतीत तर ही एकवाक्यता आणखी स्पष्ट होते. जंगलात वाघ डोळ्यांनी शोधला जातो असं नवख्याला वाटतं. जाणते गाइड तो आधी कानांनी शोधतात. चितळ धोक्याची उंच पट्टीतली तीक्ष्ण हाक देतं, वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यागत खरखरीत आवाज काढतं, भेकर भुंकतं आणि सांबराचा खणखणीत, दणदणीत आवाज दूरवर जातो. या हाकांना गाइड ‘कॉल’ म्हणतात आणि प्रत्येकीचं वजन वेगळं धरतात. चितळ पुष्कळदा नुसत्या संशयाने ओरडतं. सांबर सहसा शिकारी प्राणी दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय ओरडत नाही, म्हणून त्याच्या कॉलवर भरवसा अधिक. कॉल एकाच जागेवरून येतो आहे की पुढे सरकतो आहे यावरून शिकारी प्राणी बसला आहे की चालतो आहे, हे कळतं. वाऱ्याची दिशा, धुळीतल्या पावलाची ताजी कड, त्या पावलावरून नंतर गेलेल्या किड्याची रेघ, हे सगळं त्या अंदाजात मिळवलं जातं. आता हे ऐकायचं आणि वाचायचं असेल तर गाडी थांबलेली हवी आणि माणसं गप्प हवीत. धावत्या जिप्सीत कॉल ऐकू येत नाही. म्हणजे ज्याला आपण ‘वेळ वाया घालवणं’ म्हणतो ते वळणावर थांबून राहणं, हाच शोधाचा सर्वांत परिणामकारक भाग असतो. जो थांबतो त्याला वाघ कुठून येणार हे कळतं आणि तो योग्य जागी, योग्य उजेडात आधीच उभा असतो. जो धावतो त्याच्या वाट्याला झाडीत शिरणारी शेपटी येते.

अंतराबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. नियम सांगतो, की वाहन कोणत्याही वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर दूर असावं. पुष्कळांना ही आडकाठी वाटते. साधी भूमिती मात्र वेगळं सांगते. जिप्सीत उभ्या माणसाच्या हातातला कॅमेरा जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर असतो आणि वाघाचे डोळे पाऊण मीटरच्या आसपास. वाघ आठ मीटरवर असेल तर कॅमेरा त्याच्याकडे सुमारे १२ अंशांनी खाली झुकून पाहतो. पाठ मोठी दिसते, पाय आखूड दिसतात आणि मागे नुसती जमीन येते. तोच वाघ ४० मीटरवर असेल तर हा कोन अडीच अंशांवर येतो. प्राणी जवळजवळ त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून दिसतो आणि त्याच्यामागे जंगल उभं राहतं. वन्यजीवांच्या चांगल्या चित्रात प्राणी आपल्या बरोबरीचा वाटतो, त्याचं मोठं कारण हा कोन आहे. दुसरी गोष्ट वर्तनाची. प्रत्येक प्राण्याला सहन होणाऱ्या अंतराची एक मर्यादा असते. ती ओलांडली की तो चरायचं, खेळायचं, पिल्लांना चाटायचं थांबवतो आणि येणाऱ्याकडे रोखून पाहतो. त्या क्षणी काढलेल्या चित्रात प्राण्याच्या आयुष्यातलं काही उरत नाही, फक्त आपल्या उपस्थितीची दखल उरते. कळपाने माना वर केल्या, कान आपल्याकडे वळवले, पुढचा पाय आपटला, की फोटो बिघडल्याचीच ती खूण समजावी. उलट दूरवर थांबलेल्या गाडीला प्राणी विसरतात आणि मग जे घडतं ते त्यांचं स्वतःचं असतं. हरणांच्या डोळ्यांना लाल रंग नीट ओळखता येत नाही. वाघाचा केशरी रंग त्यांना आसपासच्या हिरव्या-तपकिरीतच मिसळलेला दिसतो. हालचाल मात्र त्यांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून अंगावर कोणत्या रंगाचा शर्ट आहे याहून हात किती हलतात याला जास्त महत्त्व आहे.

इथे एक खरी अडचण मान्य करायला हवी. ताडोबाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सकाळचे नऊ वाजले की तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा थरथरू लागते. तिच्यातून येणारी किरणं वाकतात आणि दूरच्या प्राण्याचं चित्र कितीही महागड्या लेन्समधून विस्कटलेलं येतं. या वेळी दूर राहून काढलेला फोटो खरोखरच वाईट असतो. पण त्यावर जवळ जाणं हा उपाय नाही. सावलीतला, झाडावरचा, पाण्याकाठचा विषय निवडणं किंवा कॅमेरा खाली ठेवून नुसतं पाहणं हा उपाय आहे. दुपारच्या फेरीत पाणवठ्यावर थांबण्याला म्हणूनच अर्थ असतो. ताडोबा आणि तेलिया ही तळी, पांढरपौनीसारखे पाणवठे यांच्याभोवती उन्हाळ्यात सगळं जंगल फेर धरतं. वाघ इतर मांजरांप्रमाणे पाणी टाळत नाही. उकाड्यात तो तासन्‌तास पाण्यात बसतो. रानकुत्र्यांची टोळी दिवसाच शिकार करते, एकमेकांना शीळ घालून हाका मारते, आणि धावाधाव संपल्यावर पाण्यावर येते. जगभरात संकटग्रस्त ठरलेला हा प्राणी ताडोबात बऱ्यापैकी दिसतो, आणि तरीही अनेक गाड्या त्याच्यापाशी न थांबता पुढे निघून जातात. ताडोबा तळ्यात मगरी आहेत, काठच्या वठलेल्या झाडावर मत्स्यगरुड बसतो. वानरं झाडावरून अर्धवट खाल्लेली पानं आणि फळं खाली टाकतात, ती खायला चितळं जमतात आणि दोघं एकमेकांच्या धोक्याच्या हाकांवर जगतात. हे नातं एका चित्रात बसतं, पण त्यासाठी एकाच झाडाखाली अर्धा तास द्यावा लागतो. जामणी आणि नवेगाव या गावांचं गाभ्याबाहेर पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या जुन्या शेतांवर गवताचे विस्तीर्ण पट्टे तयार झाले आणि तिथे चितळांचे मोठे कळप दिसू लागले. त्या कुरणाचं एक विस्तृत चित्र या व्याघ्र प्रकल्पाचा अलीकडचा इतिहास सांगतं : माणसांनी काय सोडलं आणि त्यातून वाघांना काय मिळालं.

थांबण्याची ही रीत सोडून पाठलागाची रीत धरली की काय होतं, याचं उदाहरण विदर्भातच घडलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून वाट अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, संबंधित चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी तिथे असलेल्यांकडे फोटो निश्चितच पुष्कळ असतील, पण त्यांत गाड्यांमध्ये कोंडलेल्या कुटुंबाखेरीज काय असणार? अशा गर्दीचा परिणाम प्राण्याच्या शरीरावरही होतो. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या, म्हणजे सीसीएमबीतल्या, संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कान्हा आणि बांधवगड इथल्या वाघांच्या विष्ठेतली ताणाशी निगडित संप्रेरकं मोजली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पर्यटनाच्या काळात ही पातळी वाढलेली आढळली आणि तिचा संबंध वाहनांच्या व पर्यटकांच्या संख्येशी दिसला. असा ताण दीर्घकाळ टिकला तर प्रजननावर आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम होऊ शकतो. वाघ पळून गेला नाही, म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : ताडोबाचे वाघ गाड्यांना सरावले आहेत, ते गाड्यांच्या मधून निवांत चालत जातात, मग अडचण कुठे आहे? हे निरीक्षण खरं आहे, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. वाघ सरावला आहे तो ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी, ठरावीक रीतीने वागणाऱ्या वाहनाला. ती रीत मोडली, वाट अडली, पिल्लं एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला पडली, की सराव संपतो. आणि गाडीला सरावलेला वाघ माणसाळलेला नसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करत असलेल्या एका महिला वनरक्षकाचा, पर्यटकांनी असंख्य वेळा फोटो काढलेल्या ‘माया’ या वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पर्यटक गाडीत बसून जे जंगल पाहतो तेच जंगल वनरक्षक, वनमजूर आणि बफरमधले शेतकरी, मोहफुलं व तेंदूपानं गोळा करणारी माणसं पायी तुडवत असतात. वाघाच्या मनातली माणसाबद्दलची दूर राहण्याची सवय हीच त्यांची ढाल आहे. एका फोटोसाठी ती सवय बोथट करण्याचा अधिकार गाडीतल्या कोणालाही नाही, कारण तिची किंमत गाडीबाहेरच्या माणसाला मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूरहून निघालेलं कुटुंब प्रवास, निवास, परवाना, गाडी, गाइड यांवर मोठी रक्कम खर्च करतं आणि त्याला मिळतात फार तर दोन-तीन फेऱ्या. त्यांना ‘पाणवठ्यावर बसून राहा, जे येईल ते पाहा’ असं सांगणं वर्षभर जंगलात जाऊ शकणाऱ्याला सोपं असतं. पण याच कुटुंबाच्या बाजूने विचार करून पाहावा. सुमारे चार तासांच्या फेरीत वाघ दिसला तरी तो बहुधा काही मिनिटं दिसतो. फेरीचं यश त्या काही मिनिटांवर टांगलं, तर उरलेला सगळा वेळ वाया गेलेला ठरतो आणि वाघ नाही दिसला तर सगळा खर्चच. ज्याने आधीच ठरवलं आहे की आज रानकुत्र्यांचं वागणं, नवरंगाचा रंग, हळदूच्या खोडावरचा प्रकाश, वानरांची पिल्लं, हे सगळं आपल्या दिवसात मोजायचं, त्याला त्याच पैशांत संपूर्ण दिवस मिळतो. शिवाय थांबून ऐकणाऱ्याला वाघ दिसण्याची संधी धावणाऱ्याहून कमी नसते, हे आपण वर पाहिलंच. थांबण्याचा सल्ला श्रीमंतांपेक्षा एकदाच येऊ शकणाऱ्याच्याच अधिक फायद्याचा आहे.

तिसरा आक्षेप साधनांचा. दूरवरून फोटो काढायला सहाशे मिलिमीटरची लेन्स लागते, तिची किंमत लाखांत जाते; मग अंतर राखणं ही पैसेवाल्यांची चैन झाली नाही का? साधा कॅमेरा असलेल्याला जवळ जाणंच भाग आहे, असं यातून सुचवलं जातं. मोबाइलच्या बाबतीत हा दबाव जाणवण्याइतका होता. त्याच्या रुंद भिंगात वाघ ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून माणसं चालकाला ‘आणखी पुढे घ्या’ म्हणत राहतात. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल नेण्यास बंदी आहे, तिच्यामागच्या कारणांत हेही धरायला हवं. पण लहान भिंगाने प्राणी चौकटभर दाखवायचा हा हट्ट कशासाठी? लहान भिंगाची ताकद परिसर दाखवण्यात आहे. मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी गटाचा पुरस्कार मिळाला, तो आरे वसाहतीतल्या एका बोळातून रात्री जाणाऱ्या बिबट्याच्या चित्रासाठी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वारली वस्त्या आणि बिबट्या एकमेकांना सांभाळून राहतात, ते त्या चित्रात घरांच्या भिंतींसह दिसतं. ते त्यांनी बिबट्याच्या मागे लागून मिळवलं नाही. त्याच्या नेहमीच्या वाटेवर आपोआप चालणारा कॅमेरा लावून काही महिने वाट पाहिली. हीच रीत शंभर वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वापरली होती. संयुक्त प्रांतातल्या जंगलवाटांवर तार ताणून, वाघाच्या पायाने ती हलली की उजेड पडून फोटो निघेल अशी योजना त्याने केली आणि १९२७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ज्या काळात साहेबलोक मचाणावरून वाघ मारत होते त्या काळात हा माणूस वाघाला हवं तेवढं अंतर देऊन त्याचं चित्र मिळवत होता. पर्यटकाला उद्यानात असे कॅमेरे लावता येत नाहीत, पण त्यामागची दृष्टी घेता येते.

चौथा आक्षेप संवर्धनाच्या बाजूने येतो. वाघाच्या देखण्या, जवळून घेतलेल्या फोटोंनीच लोकांना जंगलाकडे खेचलं. त्या ओढीतून आलेल्या पैशावर मोहर्ली-कोलाऱ्यातल्या शेकडो घरांची चूल पेटते, गावातल्या मुली गाइड झाल्या, स्थानिक लोकांना वाघ जिवंत राहण्यात हित दिसू लागलं. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. पर्यटन थांबवावं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण वाघाच्या चेहऱ्यावर उभं राहिलेलं प्रेम अर्धवट राहतं. वाघांचे अभ्यासक के. उल्हास कारंथ यांच्या अभ्यासातून आलेला हिशेब असा, की एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठे तृणभक्षी प्राणी लागतात आणि भक्ष्याची संख्या टिकून राहायची असेल तर त्याच्या वाट्याला सुमारे पाचशे प्राण्यांचा साठा हवा. म्हणजे प्रत्येक वाघाच्या मागे पाचशे चितळ, सांबर, रानडुकरं, गवे उभे असतात आणि त्यांच्या मागे गवत, बांबू, पाणी. हे न दिसलेल्या माणसाला कुरणात चाललेली रस्त्याची आखणी, कोरडा पडलेला नाला किंवा दोन जंगलांमधला तुटलेला संचारमार्ग यांत वाघाचं नुकसान दिसत नाही. वाघ कुठे, कशाच्या आधाराने जगतो हे दाखवणारी चित्रं लोकांपर्यंत गेली, तर तेच प्रेम जंगलाच्या जमिनीपर्यंत पोहोचेल. मराठीत ही दृष्टी नवीन नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून त्या जंगलावर लिहिलं, मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करत पक्ष्यांपासून वृक्षांपर्यंत सगळ्यांच्या नोंदी केल्या. पाहण्याचं हे वळण आपल्याकडे आहे. ते कॅमेऱ्यात यायला हवं.

फोटोकडे नोंद म्हणून पाहिलं की आणखी एक जबाबदारी येते, ती खरेपणाची. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यावरून वाघ ओळखून मोजण्याची पद्धत आज देशभर वापरली जाते. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले, त्यांत जवळपास साडेतीन कोटी चित्रं मिळाली आणि त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. या कॅमेऱ्यांच्या चित्रांत सौंदर्य शोधायला कोणी जात नाही, पण तारीख, वेळ आणि जागा खरी असल्यामुळे त्यांवर देशाचं धोरण ठरतं. हौशी छायाचित्रकाराच्या फोटोलाही असंच मोल येऊ शकतं : एखाद्या वाघिणीच्या पायाला झालेली जखम, गळ्यात अडकलेला फास, वेळेआधी फुललेला पळस, नव्या ठिकाणी दिसलेला पक्षी. त्यासाठी फोटोत खोटेपणा नसावा लागतो. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेचा २००९ चा सर्वोच्च पुरस्कार कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाला होता. तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत झाल्यावर जानेवारी २०१० मध्ये तो काढून घेण्यात आला. चित्र तेच राहिलं, पण त्यामागची गोष्ट कोसळल्यावर त्याची किंमत संपली. घरट्यावरचा पाला बाजूला करून काढलेला पिल्लांचा फोटो, आमिष टाकून बोलावलेल्या घुबडाचा फोटो, ओरडून वळवलेल्या वाघाचा फोटो, यांचीही किंमत तेवढीच. आणि खऱ्या फोटोबाबतही काही गोष्टी राखून ठेवाव्या लागतात. पिल्लं असलेली वाघीण कुठे बसते, घुबडाचं घरटं कोणत्या झाडात आहे, हे समाजमाध्यमांवर त्याच दिवशी जाहीर केलं तर दुसऱ्या दिवशीची गर्दी आपणच बोलावलेली असते.

हे सगळं मान्य केलं तर बदल कुठून सुरू करायचा? चालक आणि गाइडला दोष देऊन भागणार नाही. वाघ दाखवल्यावर हातावर जास्त पैसे ठेवायचे आणि न दाखवल्यावर तोंड पाडायचं, ही आपली रीत त्यांना पाठलाग शिकवते. गाडीत बसतानाच ‘आम्हाला घाई नाही, तुम्हाला योग्य वाटेल तिथे थांबा, इंजिन बंद ठेवा’ एवढं सांगितलं आणि वाघ दिसो वा न दिसो, जंगल वाचून दाखवणाऱ्या गाइडचा मान राखला, तर त्याचं ज्ञान त्याच दिवशी उपयोगाला येतं. समोर पाच गाड्या जमलेल्या असतील तर सहावी आपली नसावी, एवढा निश्चय एखादी साइटिंग घालवेल, पण पुढच्या वळणावरचं मोकळं जंगल देईल. मासिकांच्या संपादकांनी, स्पर्धांच्या परीक्षकांनी आणि छायाचित्रांना दाद देणाऱ्या आपण सगळ्यांनी चौकटभर चेहऱ्यापेक्षा परिसर आणि वर्तन दाखवणाऱ्या चित्राला जास्त गुण द्यायला सुरुवात केली, तर छायाचित्रकारही त्या दिशेने जातील, कारण दाद जिथे मिळते तिथेच कला वाढते. उद्यानांच्या व्यवस्थापनानेही फेऱ्यांच्या संख्येइतकंच त्यांच्या रीतीकडे पाहावं. पाणवठ्यांवर ठरावीक गाड्यांसाठी थांबण्याच्या जागा आखल्या तर गर्दी आपोआप विखुरते. यांतली कोणतीही गोष्ट खर्चिक नाही आणि कोणत्याही गोष्टीने फोटोचं नुकसान होत नाही. अंतराने कोन सुधारतो, शांततेने चित्र स्थिर येतं, थांबण्याने वर्तन दिसतं आणि खरेपणाने फोटोला मोल येतं. प्राण्याला त्याच्या जागी सुखाने राहू देणं हे छायाचित्रकाराच्या सौजन्यावर सोडायचं काम आहे असं आपण आजवर समजत आलो. ते त्याच्या कौशल्याचाच भाग मानलं, तर नियम पाळून घेण्यासाठी वनखात्याला गाड्यांमागे धावावं लागणार नाही आणि राष्ट्रीय उद्यानातला एक दिवस, वाघासह आणि वाघाशिवायही, पैसे वसूल झाल्याचं समाधान देईल.